खेळायला थांबले की खेळायची थांबले? इंग्रजीतील इन्फिनिटिव्ह आणि जेरंड यांची निवड

पाटीपेन्सिल | रविवार, सायंकाळी ६:२०

नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात नववीच्या निबंधाच्या वह्या तपासत असताना एका मुलीच्या वहीत ‘आय स्टॉप्ड टू प्ले बिकॉज माय लेग वॉज पेनिंग’ असे वाक्य आढळले. एरवी मी ‘टू प्ले’खाली लाल रेघ ओढून वर ‘प्लेइंग’ लिहिले असते आणि तिने ते वाक्य पाच वेळा उतरवून काढले असते. त्या दिवशी मधली सुट्टी झाली होती आणि ती मुलगी समोरच व्हरांड्यात उभी होती, म्हणून मी तिला बोलावले आणि मराठीतच विचारले, “तू खेळायला थांबलीस, की खेळायची थांबलीस?” ती चटकन म्हणाली, “खेळायची थांबले, बाई. खेळायला कशी थांबेन? पाय किती दुखत होता!” मग मी तिला एवढेच सांगितले की ‘थांबणे’च्या आधी ‘खेळायला’ असेल तर ‘टू प्ले’ आणि ‘खेळायची’ असेल तर ‘प्लेइंग’. तिने माझ्या हातातला पेन घेऊन स्वतःच दुरुस्ती केली आणि उलट मला विचारले, “म्हणजे शाळा सुटल्यावर आम्ही बोरं खायला थांबतो, ते ‘वी स्टॉप टू ईट’ ना?”

या एका प्रश्नाने मला फार आनंद झाला, कारण अनेक वर्षे मी हा भाग याद्या देऊनच शिकवत आले आहे. ‘एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, डिनाय, अॅडमिट’ यांच्यापुढे जेरंड, म्हणजे ‘प्लेइंग’सारखे ‘आयएनजी’ लावलेले नामरूप. ‘वॉन्ट, डिसाइड, होप, रिफ्यूज, प्रॉमिस’ यांच्यापुढे इन्फिनिटिव्ह, म्हणजे ‘टू प्ले’सारखे ‘टू’ लावलेले मूळ क्रियापद. आणि ‘स्टॉप, रिमेंबर, फरगेट, ट्राय, रिग्रेट’ यांच्यापुढे दोन्ही, मात्र अर्थ बदलून. मुले पहिल्या दोन याद्या परीक्षेपुरत्या पाठ करतात आणि तिसऱ्या यादीशी पोहोचल्यावर सगळेच सोडून देतात. त्यात भर म्हणून आपण वर्गात ‘टू स्विम इज अ गुड एक्सरसाइज’ हे वाक्य ‘स्विमिंग इज अ गुड एक्सरसाइज’ असे बदलून घेण्याचा सराव देतो. हा सराव चुकीचा नाही, परंतु त्यामुळे मुलांच्या मनात ही दोन रूपे एकमेकांच्या जागी केव्हाही बसतात अशी समजूत पक्की होते, आणि ती पुढे वर्षानुवर्षे निघत नाही.

त्या दिवसापासून मी तिसऱ्या यादीतील एकेक क्रियापद मराठीत करून पाहत आहे, आणि जो अर्थभेद आपण इंग्रजीचा म्हणून मुलांपुढे ठेवतो तो मराठी बहुतेक ठिकाणी आधीपासूनच करते असे मला दिसत आहे. ‘आय फरगॉट टू लॉक द डोअर’ म्हणजे ‘मी कुलूप लावायला विसरले’. ‘आय फरगॉट लॉकिंग द डोअर’ म्हणजे ‘कुलूप लावल्याचे मी विसरले’. पहिल्या वाक्यात कुलूप लागलेलेच नाही. दुसऱ्यात ते लागलेले आहे, फक्त आठवण गेली आहे. ‘रिमेंबर’चेही तसेच: ‘आठवणीने पत्र टाक’ येथे ‘टू पोस्ट’, ‘पत्र टाकल्याचे आठवते’ येथे ‘पोस्टिंग’. ‘रिग्रेट’ घ्या. ‘कळवायला वाईट वाटते की आपली निवड झालेली नाही’ हे ‘रिग्रेट टू इन्फॉर्म’ आणि ‘त्याला सांगितल्याचा पश्चात्ताप होतो’ हे ‘रिग्रेट टेलिंग हिम’. जे अजून व्हायचे आहे किंवा नेमके आत्ता होऊ घातले आहे तेथे आपण ‘-ायला’ म्हणतो, आणि जे घडून गेले आहे तेथे ‘-ल्याचे’, ‘-ल्याचा’ म्हणतो.

सर्वांत सुंदर जोडी मला ‘ट्राय’ची वाटते. खिडकी घट्ट बसली आहे आणि जोर लावूनही ती हलत नाही, तेव्हा आपण ‘खिडकी उघडण्याचा प्रयत्न केला’ असे म्हणतो, आणि इंग्रज ‘आय ट्राइड टू ओपन द विंडो’ म्हणतो. खोलीत उकडते आहे, खिडकी सहज उघडते आहे, पण तेवढ्याने गारवा येतो का हे पाहायचे आहे, तेव्हा आपण ‘खिडकी उघडून पाहिली’ म्हणतो, आणि इंग्रज ‘आय ट्राइड ओपनिंग द विंडो’ म्हणतो. ‘करून पाहणे’ हा इतका आपला, घरातला प्रयोग असताना आपण मुलांना ‘ट्राय प्लस जेरंड म्हणजे एक्सपेरिमेंट’ अशी टीप कशासाठी लिहून देत होतो, याचे मला आता वाईट वाटते.

तर माझा प्रश्न असा आहे. मराठीचा हा आधार किती दूरपर्यंत नेता येतो आणि कोठे तो दगा देतो? येथे शिक्षक, अनुवादक आणि परदेशात राहणारे सदस्य आहेत. आपण आपापल्या अनुभवातून लिहावे अशी विनंती आहे.

दुभाषी | रविवार, रात्री ९:४५

तुमचा धागा वाचून मला माझी एक जुनी चूक आठवली, आणि ती येथे सांगणे उपयोगाचे होईल. मी मराठी-इंग्रजी कागदपत्रांच्या अनुवादाचे काम करतो. सुरुवातीच्या काळात एका घरफोडीच्या विमा दाव्यातील जबाब माझ्याकडे आला होता. त्यात ‘रात्री निघताना कपाटाला कुलूप लावायचे विसरलो’ असे वाक्य होते आणि मी त्याचे ‘आय फरगॉट लॉकिंग द कपबोर्ड’ असे भाषांतर केले. मसुदा तपासणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला बोलावून विचारले, “कुलूप लावले होते की नव्हते?” मी म्हणालो, “नव्हते.” त्यांनी माझे वाक्य मला मोठ्याने वाचायला लावले. त्या वाक्याप्रमाणे कुलूप लागलेले होते आणि मालकाला ते लावल्याचे स्मरण नव्हते. विम्याच्या दाव्यात या दोन गोष्टींतले अंतर किती मोठे असते हे वेगळे सांगायला नको. कागद बाहेर जाण्यापूर्वी ती चूक सापडली म्हणून निभावले.

परंतु यातूनच तुमच्या पद्धतीतील एक खाचही दिसते. मूळ मराठी वाक्यात ‘लावायला’ नव्हते, ‘लावायचे’ होते. तुमच्या ‘थांबणे’च्या उदाहरणात ‘खेळायची’ म्हणजे जेरंड, आणि येथे मात्र ‘लावायचे विसरलो’ म्हणजे इन्फिनिटिव्ह. तेव्हा ‘-ायचा, -ायची, -ायचे’ दिसले की ‘आयएनजी’ लावावे असा सरसकट नियम मुलांना देऊ नये. ‘विसरणे’च्या बाबतीत ‘-ायला’ आणि ‘-ायचे’ दोन्ही एका बाजूला असतात आणि ‘-ल्याचे’ दुसऱ्या बाजूला असते. प्रत्यय पाहण्यापेक्षा ‘ती क्रिया झाली होती का?’ हा प्रश्न मुलांना विचारायला शिकवावे. खेळणे झाले होते आणि मग ते थांबले, म्हणून ‘प्लेइंग’. कुलूप लावणे झालेच नाही, म्हणून ‘टू लॉक’.

‘मीन’ आणि ‘गो ऑन’ ही दोन क्रियापदे तुमच्या यादीत राहिली आहेत, ती थोडक्यात सांगतो. ‘मला तुम्हाला दुखवायचे नव्हते’ येथे ‘आय डिडन्ट मीन टू हर्ट यू’, कारण तेथे हेतूची गोष्ट आहे. ‘पहिली गाडी पकडायची म्हणजे चारला उठणे आलेच’ येथे ‘इट मीन्स गेटिंग अप अॅट फोर’, कारण तेथे एका गोष्टीतून दुसरी ओघाने येते. ‘ती बोलतच राहिली’ म्हणजे ‘शी वेन्ट ऑन टॉकिंग’, आणि ‘पुढे ती डॉक्टर झाली’ म्हणजे ‘शी वेन्ट ऑन टू बिकम अ डॉक्टर’. मराठीत या चार वाक्यांची घडण एकमेकींपासून इतकी वेगळी आहे की मूळ अर्थ मनात पक्का असला तर गोंधळाला जागाच उरत नाही.

उंबरठा | सोमवार, सकाळी ७:१०

मी स्पर्धा परीक्षांसाठी इंग्रजी शिकवतो आणि मला या उत्साहाला थोडा आवर घालावासा वाटतो. तिसऱ्या यादीपुरते तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण विद्यार्थ्यांचे गुण तिसऱ्या यादीत कमी आणि पहिल्या दोन याद्यांत जास्त जातात, आणि तेथे मराठी त्यांना मदत करण्याऐवजी खड्ड्यात नेते.

‘मला पोहायला आवडते’ आणि ‘मला पोहणे आवडते’ ही दोन्ही वाक्ये मराठीत शुद्ध आहेत. विद्यार्थी पहिले वाक्य मनात धरतो आणि ‘आय एन्जॉय टू स्विम’ असे लिहितो. ‘जाण्याचे ठरवले’ आणि ‘जाण्याचे टाळले’ यांत मराठी रूप एकच आहे, परंतु इंग्रजीत ‘डिसाइडेड टू गो’ आणि ‘अव्हॉइडेड गोइंग’ असे दोन रस्ते आहेत. ‘सरांनी मला जायला सांगितले’ आणि ‘सरांनी मला जायला सुचवले’ यांची रचना तंतोतंत सारखी आहे. त्यामुळे ‘टोल्ड मी टू गो’ बरोबर लिहिणारा विद्यार्थी त्याच आत्मविश्वासाने ‘सजेस्टेड मी टू गो’ लिहितो, आणि ते चूक ठरते. मी दरवर्षी ही एक चूक शेकडो उत्तरपत्रिकांत पाहतो.

यापेक्षाही अधिक पसरलेली चूक ‘साठी’ची आहे. ‘भाजी आणण्यासाठी बाजारात गेलो’ याचे ‘आय वेन्ट टू मार्केट फॉर ब्रिंगिंग व्हेजिटेबल्स’ होते. माणूस एखादी गोष्ट कशासाठी करतो हे सांगताना इंग्रजीला ‘टू’ लागते: ‘टू बाय व्हेजिटेबल्स’. ‘फॉर’ आणि ‘आयएनजी’ ही जोडी वस्तूचा उपयोग सांगताना शोभते, जसे ‘हा सुरा पाव कापण्यासाठी आहे’, ‘धिस नाइफ इज फॉर कटिंग ब्रेड’. किंवा घडलेल्या गोष्टीबद्दल आभार मानताना वा माफी मागताना, जसे ‘थँक यू फॉर कमिंग’. मराठी ‘साठी’ पहिल्या दोन्ही ठिकाणी सारख्याच सहजतेने येतो आणि आपण फसतो. म्हणून माझे म्हणणे असे आहे की याद्या टाळता येत नाहीत. मुलांना त्या पाठ कराव्याच लागतील.

नवशिका | सोमवार, दुपारी १:३०

मी पुण्यात एका संगणक कंपनीत काम करतो. पत्राच्या शेवटी ‘आय अॅम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ असे मी बरीच वर्षे लिहीत होतो आणि ‘टू’नंतर मूळ क्रियापदच येते अशी माझी खात्री होती. एका वरिष्ठ बाईंनी ‘मीटिंग यू’ असा बदल केला, परंतु कारण सांगितले नाही. ‘टू’ असूनही तेथे ‘आयएनजी’ का येते हे कोणी समजावून देईल का?

दुभाषी | सोमवार, दुपारी २:०५

‘टू’ दोन प्रकारचे आहेत. एक इन्फिनिटिव्हची खूण म्हणून येतो आणि दुसरा साधे शब्दयोगी अव्यय आहे, जसे ‘ही वेन्ट टू पुणे’ मधील. शब्दयोगी अव्ययानंतर इंग्रजीत नाम लागते आणि क्रियापद आणायचेच असेल तर त्याला ‘आयएनजी’ लावून नाम करावे लागते. ओळखण्याची सोपी रीत अशी की क्रियापदाच्या जागी ‘दिवाळी’ हा शब्द ठेवून पाहावा. ‘आय अॅम लुकिंग फॉरवर्ड टू दिवाळी’ हे वाक्य उत्तम आहे, म्हणून तेथे ‘टू मीटिंग यू’. ‘आय वॉन्ट टू दिवाळी’ असे होत नाही, म्हणून तेथे ‘टू मीट यू’.

हीच कसोटी ‘यूज्ड टू’ला लावा. ‘मी पहाटे उठत असे’ हे ‘आय यूज्ड टू वेक अप अर्ली’ आणि ‘मला पहाटे उठायची सवय आहे’ हे ‘आय अॅम यूज्ड टू वेकिंग अप अर्ली’. दुसऱ्या वाक्यात ‘मला या थंडीची सवय आहे’ असे नाम बसते, म्हणून ‘आयएनजी’ येते. ‘इन, ऑफ, अॅट, विदाउट, आफ्टर, बिफोर’ या सर्वांनंतर हाच नियम चालतो आणि या नियमाला अपवाद शोधूनही सापडणे कठीण आहे. संपूर्ण विषयात इतका भरवशाचा दुसरा नियम नाही, म्हणून वर्गात तो सर्वांत आधी शिकवावा असे माझे मत आहे.

मोडीवाचक | सोमवार, रात्री १०:५०

या विषयाच्या मुळाशी थोडे गेले तर उंबरठा यांनी दाखवलेल्या अडचणींचाही काही उलगडा होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘टू’ हा ‘कडे, दिशेने’ या अर्थाचा शब्द होता आणि क्रियापदाच्या धातुसाधित नामाला चतुर्थीचा प्रत्यय लावून त्याच्यापुढे तो ठेवला जाई. ‘टू ईट’ म्हणजे मुळात ‘खाण्याकडे, खाण्यास’. पुढे इंग्रजीतील विभक्तिप्रत्यय झिजून गेले आणि ‘टू’ केवळ खूण म्हणून उरला, तरी ती दिशा त्याच्या अंगातून पूर्ण गेली नाही. ‘वॉन्ट, होप, प्रॉमिस, एक्स्पेक्ट, प्लॅन’ या सगळ्यांत मन पुढच्या कशाच्या तरी दिशेने निघालेले असते. याउलट ‘आयएनजी’ हा प्रत्यय नाम घडवणारा होता. आजचा ‘लर्निंग’ हा शब्द त्या जुन्या इंग्रजीतही ‘विद्या, अध्ययन’ या अर्थाचे नामच होता. वर्तमान धातुसाधिताचा प्रत्यय तेव्हा वेगळा होता. मध्ययुगात हे दोन्ही एकाच ‘आयएनजी’त मिसळले, आणि म्हणूनच आज ‘रनिंग’ हे रूप कधी नाम असते आणि कधी विशेषण. ‘लेट मी गो’, ‘मेक हिम वेट’, ‘आय कॅन स्विम’ यांत ‘टू’ नसतो, कारण तेथे त्या जुन्या, विनाचतुर्थीच्या रूपाचा वारसा टिकून आहे.

आता मराठीकडे पाहा. जुन्या कागदांत मला ‘करावयास’, ‘जावयास’, ‘द्यावयाचा’ ही रूपे रोज दिसतात. आजचे ‘करायला’ हे ‘करावयाला’चे आणि आजचे ‘करायचा’ हे ‘करावयाचा’चे आखडलेले रूप आहे. म्हणजे शब्द एकच, फक्त एका ठिकाणी त्याला ‘ला’ लागला आणि दुसऱ्या ठिकाणी ‘चा’. ‘ला’ तोच, जो ‘पुण्याला निघालो’ यात आहे. ‘पुण्याला थांबलो’ आणि ‘चहा प्यायला थांबलो’ यांत प्रत्यय एकच आहे. इंग्रजी ‘टू’ आणि मराठी ‘ला’ या दोघांनी स्वतंत्रपणे एकच वाट धरली, ही गोष्ट मला अतिशय मोलाची वाटते. संस्कृतात ‘तुम्’ प्रत्ययान्त रूपाचेही असेच आहे. ‘गन्तुम्’, ‘भोक्तुम्’ ही रूपे मुळात नामाची द्वितीया आहेत, आणि पाणिनीने ‘तुमुन्ण्वुलौ क्रियायां क्रियार्थायाम्’ या सूत्रात एका क्रियेसाठी केलेली दुसरी क्रिया हाच या प्रत्ययाचा विषय सांगितला आहे. ‘भोक्तुं व्रजति’, जेवायला जातो. पुढे इच्छार्थक धातूंबरोबर ‘समानकर्तृकेषु तुमुन्’ असे सूत्र येते: इच्छिणारा आणि करणारा एकच असेल तर ‘तुमुन्’. ‘आय वॉन्ट टू ईट’ या वाक्याचे वर्णन यापेक्षा नेमके करता येणार नाही.

अमेरिकी भाषाभ्यासक ड्वाइट बोलिंजर यांनी हाच भेद आधुनिक इंग्रजीसाठी मांडला होता: इन्फिनिटिव्ह संभाव्य, कल्पिलेल्या क्रियेकडे झुकतो, आणि जेरंड क्रियेला घडलेल्या किंवा समोर ठेवलेल्या वस्तूचे रूप देतो. यातील ‘वस्तू’ हा भाग महत्त्वाचा आहे. ‘सजेस्ट, कन्सिडर, पोस्टपोन, अव्हॉइड’ ही क्रियापदे भविष्याबद्दल बोलत असूनही ‘आयएनजी’ घेतात, कारण त्यांत आपण त्या क्रियेच्या दिशेने निघालेलो नसतो. तिला एखाद्या वस्तूसारखी समोर ठेवून पाहतो, बाजूला सारतो किंवा पुढे ढकलतो. मराठीत ‘जाणे टाळले’, ‘जाणे लांबणीवर टाकले’ असे म्हणतानाही आपण ‘जाणे’ हे नामच वापरतो. ‘जायला टाळले’ असे कोणी म्हणत नाही.

उंबरठा | मंगळवार, सकाळी ६:५५

मोडीवाचक, ‘जायला टाळले असे कोणी म्हणत नाही’ हे तुमचे वाक्य मला पटले आणि माझ्या कालच्या मताचा काही भाग मी मागे घेतो. मी ‘जाण्याचे टाळले’ हे उदाहरण दिले होते, परंतु ‘जाणे टाळले’ हे अधिक स्वाभाविक मराठी आहे आणि ‘जाणे ठरवले’ मात्र खटकते. मग विद्यार्थ्याला असे सांगता येईल: मराठी वाक्य नुसत्या ‘-णे’ने करून पाहा. ‘वाचणे संपवले’, ‘जाणे टाळले’, ‘भेटणे लांबणीवर टाकले’, ‘बोलणे चालू ठेवले’ ही वाक्ये बसतात आणि इंग्रजीतही ‘फिनिश, अव्हॉइड, पोस्टपोन, कीप’ यांच्यापुढे ‘आयएनजी’ येते. ‘जाणे नकार दिला’, ‘जाणे वचन दिले’, ‘जाणे आशा केली’ ही बसत नाहीत आणि इंग्रजीत ‘टू’ येतो. ‘शिकणे’ हे क्रियापद मात्र ‘पोहणे शिकलो’ असे बसूनही ‘लर्न्ड टू स्विम’ असे ‘टू’ मागते, आणि ‘मॅनेज’मध्ये काम पार पडलेले असूनही ‘मॅनेज्ड टू रीच’ असेच म्हणावे लागते. अशा अडेल क्रियापदांची यादी मी देणारच. परंतु पूर्वी जेथे साठ क्रियापदे लिहून देत होतो तेथे आता वीस पुरतील असे वाटते.

‘सजेस्ट’साठी मात्र वेगळी तजवीज लागेल.

दुभाषी | मंगळवार, सकाळी ९:२०

‘सजेस्ट’च्या पुढे ज्याला सुचवले त्या माणसाला बसवू नये, एवढे सांगितले की काम होते. माणसाचा उल्लेख हवाच असेल तर ‘दॅट’ने नवे वाक्य सुरू करावे: ‘ही सजेस्टेड दॅट आय गो’. माणूस नको असेल तर ‘ही सजेस्टेड गोइंग’. माणूसही हवा आणि ‘टू’ही हवा, तर क्रियापदच बदलावे: ‘ही अॅडवाइज्ड मी टू गो’. ‘अॅडवाइज’ आणि ‘अलाउ’ यांची गंमत अशी की पुढे माणूस आला की ‘टू’ येतो आणि माणूस गेला की ‘आयएनजी’ येते. ‘दे डोन्ट अलाउ पार्किंग हिअर’, पण ‘दे डोन्ट अलाउ अस टू पार्क हिअर’.

दूरदेशी | मंगळवार, सायंकाळी ७:४०

मी काही वर्षांपासून ग्लासगोमध्ये राहते आणि वृद्धांच्या शुश्रूषागृहात काम करते. पुस्तकातील नियम कानांवर पडतात तेव्हा त्यांचा रंग थोडा बदलतो, त्याबद्दल लिहिते.

‘लाइक’नंतर दोन्ही रूपे चालतात असे पुस्तके सांगतात, आणि ते खरेच आहे. परंतु येथे ‘आय लाइक टू गेट माय टीथ चेक्ड ट्वाइस अ इयर’ असे म्हणणाऱ्या आजींना दाताच्या डॉक्टरकडे जाण्यात आनंद वाटत असतो असे नाही. तसे केलेले बरे असते, एवढेच त्यांना म्हणायचे असते. त्याच आजी बागकामाबद्दल ‘आय लाइक गार्डनिंग’ म्हणतात तेव्हा तेथे खरी आवड असते. मराठीत मी पहिल्याला ‘मी आपली वर्षातून दोनदा दाखवून घेते’ असे म्हणेन आणि दुसऱ्याला ‘मला बागेत रमायला आवडते’. अमेरिकेतील माझ्या बहिणीच्या बोलण्यात हा भेद मला तितका जाणवत नाही. ‘वुड लाइक’नंतर मात्र सगळीकडे ‘टू’च येतो.

दुसरी गोष्ट ‘नीड’ची. ‘चादर बदलायला झाली आहे’ याला प्रमाण इंग्रजीत ‘द शीट नीड्स चेंजिंग’ किंवा ‘नीड्स टू बी चेंज्ड’ असे म्हणतात. येथे स्कॉटलंडमध्ये सहकारी सर्रास ‘द शीट नीड्स चेंज्ड’ असे म्हणतात, आणि पहिल्या आठवड्यात मला ती बोलणाऱ्याची चूक वाटली होती. ती चूक नाही, ती येथील बोलीची जुनी रीत आहे. पाटीपेन्सिल यांच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेत ती लिहू नये, परंतु कोणी येथे आले तर गोंधळून जाऊ नये म्हणून नोंदवून ठेवते.

आणखी एक सल्ला द्यावासा वाटतो. ‘बिगिन’ आणि ‘स्टार्ट’ यांच्यापुढे दोन्ही रूपे चालतात हे मुलांना निःशंकपणे सांगावे, म्हणजे तेथे ती उगाच अडखळणार नाहीत. फक्त ‘इट वॉज बिगिनिंग’ असे एकदा ‘आयएनजी’ आले की पुढे ‘टू रेन’ म्हणावे, कारण पाठोपाठ दोन ‘आयएनजी’ कानाला बरे लागत नाहीत. ‘अंडरस्टँड’, ‘नो’ अशा मनाच्या स्थितीच्या क्रियापदांनाही ‘बिगॅन टू अंडरस्टँड’ असेच शोभते.

पाटीपेन्सिल | पुढील शनिवार, दुपारी ४:१५

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. या आठवड्यात मी वर्गात केलेले काम सांगते.

आधी दुभाषी यांच्या सूचनेप्रमाणे शब्दयोगी अव्ययाचा नियम घेतला आणि ‘दिवाळी’ची कसोटी फळ्यावर लिहिली. मुलांनी ‘दिवाळी’ऐवजी ‘क्रिकेट’ आणि ‘आंबा’ ठेवून वीसेक वाक्ये तपासली, आणि ‘लुकिंग फॉरवर्ड टू’ येथे एकही मूल चुकले नाही. त्यानंतर ‘ती क्रिया झाली होती का?’ हा प्रश्न घेऊन तिसरी यादी शिकवली. मोडीवाचक यांचे ‘करावयाला’ आणि ‘करावयाचा’ मी दहावीच्या वर्गात सांगितले. त्यांना मराठीच्या तासाला विभक्ती शिकवून झाली होती, त्यामुळे ‘पुण्याला’ आणि ‘प्यायला’ यांतील ‘ला’ एकच आहे हे पाहून मागच्या बाकांवरची मुलेही पुढे वाकून ऐकू लागली. उंबरठा यांची ‘-णे’ची कसोटी पुढच्या आठवड्यासाठी ठेवली आहे, कारण तिच्यासाठी मुलांना आधी आपल्याच मराठी वाक्याचा कान तयार करावा लागेल आणि ते एका तासात होणारे नाही.

शुक्रवारी मी प्रत्येकाला ‘फरगेट’ वापरून दोन वाक्ये स्वतःच्या मनाने लिहायला सांगितली. बहुतेकांनी छत्री, डबा आणि गृहपाठ यांवर लिहिले. निबंधात ‘स्टॉप्ड टू प्ले’ लिहिणाऱ्या त्या मुलीने पहिले वाक्य ‘आय फरगॉट टू ब्रिंग माय कंपास’ असे लिहिले आणि दुसरे ‘आय विल नेव्हर फरगेट कॅरिंग माय ब्रदर अक्रॉस द स्ट्रीम’ असे. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या वस्तीजवळच्या ओढ्याला पाणी आले होते आणि धाकट्या भावाला तिने पाठीवर घेऊन पलीकडे नेले होते, हे मला त्या वाक्यावरूनच कळले. वाक्याच्या बाजूला तिने पेन्सिलने बारीक अक्षरात ‘नेल्याचे’ असे लिहून ठेवले होते.

‘सजेस्ट’चा मात्र अजून निकाल लागलेला नाही. अर्ध्याहून अधिक वर्गाने या आठवड्यातही ‘माय फ्रेंड सजेस्टेड मी टू जॉइन’ असेच लिहिले आहे. दुभाषी यांची तीन वाक्ये मी कार्डशीटवर मोठ्या अक्षरांत लिहून फळ्याशेजारी लावली आहेत आणि सोमवारच्या पहिल्या तासाला तेथूनच सुरुवात करणार आहे.